सुधारलेली प्रार्थना

सहा मुलांच्या सहा प्रार्थना चांगल्या अक्षरात कार्डांवर उतरवून दे, एवढंच ताईने मला सांगितलं होतं. पाच मी उतरवल्या. सहावी सुधारली.

दोष माझ्या नोकरीचा. गेली बावीस वर्षं मी कार्यालयात निरोपाची आणि शोकाची पत्रं लिहितो. कुणी गेलं की साहेब म्हणतात, "जरा बरं वाटेल असं लिहा," आणि मी लिहितो. सहावी चिठ्ठी होती शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीची. ताई तिला ठिणगी म्हणते. दोन महिन्यांपूर्वी तिला भाऊ झाला आणि चार दिवसांत गेला. तिने लिहिलं होतं, "देवा, मी डोळे मिटून नीट मागितलं होतं. तरी बाळ गेलं. मी तुझ्याशी बोलणार नाही. हे सांगायचं होतं म्हणून बोलले."

मला ते बघवेना. मी लिहिलं, "हे दयाळू प्रभो, आमच्या बाळाला तू आपल्या कुशीत घेतलंस, त्याबद्दल तुझे आभार." भोवती निळी वेलबुट्टी काढली आणि चिठ्ठी फाडून टाकली.

ताई माझी थोरली बहीण. वजनकाटे दुरुस्त करते. मेहुणे गेल्यावर दुकान बंद पडणार असं सगळे म्हणाले, म्हणूनच तिने ते चालवलं. पुढच्या खोलीत तराजू, मागच्या खोलीत संसार. दुकानदार काटा तपासायला आणतो तेव्हा तिचं पहिलं वाक्य असतं, "बोट काढा." आमच्या घराण्यात जमीनजुमला नव्हता, वारशाने काय तो राग आला, आणि माझा हिस्साही तिनेच उचलला.

दर शनिवारी दुपारी चारला तिच्या कामाच्या टेबलाभोवती गल्लीतली ही सहा मुलं जमतात. उपासनेचा एकेक विषय मुलांना घरी समजावून सांगा, असा चर्चचा कागद येतो. सोबत रंगवायला मेंढराचं चित्र. मेंढरू ताई बाजूला ठेवते. शांततेचा विषय आला तेव्हा तिने काचेच्या पेटीतला नाजूक काटा उघडला. "हा श्वासानेसुद्धा हलतो. थांबवून दाखवा." सहा कार्टी तीन मिनिटं गप्प! क्षमेच्या शनिवारी पहिली कबुली तिने स्वतःचीच दिली. "परवा मी किराणावाल्याला गाढव म्हटलं."

"मग माफी मागितलीस, आजी?"

"मागितली. त्याने लगेच दिली, त्याचा आणखी राग आला."

आभाराच्या शनिवारी ठिणगी हाताची घडी घालून म्हणाली, "मी नाही मानणार आभार." ताईने चर्चचा कागद पालथा घातला. "नको मानू. जे खरं आहे ते देवाला लिही. तक्रार असेल तर तक्रार. जुन्या प्रार्थना बघ, निम्म्या तक्रारीच आहेत." त्यातून ती चिठ्ठी आली होती. पुढच्या रविवारी मुलांच्या उपासनेत प्रत्येकाने आपापली प्रार्थना वाचायची होती.

आदल्या दिवशी मी मोठ्या खुशीत कार्डं वाटली. ठिणगीचे ओठ वाचता वाचता थांबले.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे गं. थोडं नीट केलंय."

"मी आभार नाही मानले!" तिने कार्ड टेबलावर आपटलं. "आजी, तू म्हणालीस खरं सांगायचं. मामाने माझ्या नावावर खोटं सांगितलं. आता मी कधीच काही सांगणार नाही. देवालाही नाही आणि तुलाही नाही." आणि चपला न घालताच गेली.

ताईने बाकीच्या मुलांना घरी पाठवलं आणि माझ्याकडे वळली.

"चिठ्ठी कुठाय?"

"फाडली."

"काय दिवे लावलेस रे! बावीस वर्षं मेलेल्यांविषयी गोड लिहितोस, आता जित्या पोरीच्या तोंडात साखर कोंबतोस? दोन महिने जो तो तिला सांगतोय, रडू नको, आईला त्रास होईल. एका जागी ती चिडू शकत होती. एका! ती तू वेलबुट्टी काढून बुजवलीस."

"अगं, हेतू चांगला–"

"हेतू घाल खिशात. कोरं कार्ड घे, पेन घे आणि चल."

ठिणगी तिच्या घराच्या दारातच उभी राहिली. आत तिची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी माफी मागितली.

"का बदललंस?"

"वाचून मला वाईट वाटलं."

"मग तुझं वाईट तू लिही ना. माझ्यात कशाला?"

ताईने मला पायरीवर बसवलं. "सांग गं, हा लिहील. एक शब्द इकडचा तिकडे केला तर गाठ माझ्याशी आहे." ती पोर माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग एकेक शब्द सांगत गेली आणि शेवटी म्हणाली, "आणि मामाने माझी चिठ्ठी फाडली, त्याचापण मला राग आला आहे. लिहिलंस?"

लिहिलं.

रविवारी सकाळी पाळकांनी कार्डं आधी चाळली आणि ताईला बाजूला घेतलं. "बाई, लहान लेकराच्या तोंडी हे बरं दिसत नाही. लोकांना काय वाटेल?"

"पाळकसाहेब, बाळाच्या शवपेटीपुढे तुम्ही उभे होतात. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, ते आधी सांगा."

ताईचा आवाज चढला होता. पाळक कार्डाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवलं.

ठिणगीने स्टुलावर उभं राहून, एकही शब्द न गिळता वाचलं. माझा उल्लेख आला तेव्हा तीन रांगा माझ्याकडे वळल्या. शेवटच्या बाकावरून तिची आई मोठमोठ्याने रडू लागली आणि तिला कुणी गप्प केलं नाही. ठिणगी आमेन न म्हणताच उतरली आणि ताईला चिकटून बसली.

घरी जाताना मला राहवेना. "ताई, सगळं ठीक. पण हे ऐकून देवालाच राग आला असेल तर?"

"येऊ दे. त्या दोघांचं भांडण आहे, तू मध्ये पडू नकोस."