शेजारच्या टॅक्सीतली स्मिता

कोविडआधी मी आणि स्मिता दुबईत अल नहदाहून जेएलटीला आपापल्या ऑफिसला जायला अ‍ॅपवर एकच टॅक्सी बोलवायचो. तिच्या डब्यातला नाश्ता, माझी बडबड. मग भीतीने वेगवेगळ्या टॅक्सी सुरू झाल्या, त्या तशाच राहिल्या.

आज ट्रॅफिकमध्ये शेजारच्या टॅक्सीत ती दिसली. मागे एकटीच, माझ्यासारखी. मी हात हलवला. तिने काचेतून डबा उचलून दाखवला.

ड्रायव्हरने विचारलं, "पहचानवाली हैं? साथ में क्यूँ नहीं जातीं?"

"कोविड की वजह से," मी सवयीने म्हणाले.

"वो तो कब का खलास, मॅडम."

तिची टॅक्सी पुढे निघून गेली.

'उद्या बरोबर जाऊ या?' एवढं सकाळपासून टाईप करून ठेवलंय. इतक्या वर्षांनी विचित्र वाटेल का हो? पाठवू?