डोकं उचला, मावशी

ऐंशीच्या दशकात मी भूल द्यायला अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत चार नर्सिंग होम्समध्ये जायची. भूल देण्यापेक्षा माणसाला त्यातून बाहेर आणण्याचीच मला जास्त धास्ती असायची. पोटाच्या ऑपरेशनसाठी स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं. त्याने श्वासही थांबतो, म्हणून घशात नळी घालून, रबरी फुगा हाताने दाबत पेशंटला श्वास द्यायचा. शेवटी उतारा म्हणून निओस्टिग्मीनचं इंजेक्शन आणि त्याने हृदय मंदावू नये म्हणून जोडीला अॅट्रोपीन. दहाएक मिनिटांत पेशंट डोकं उचलून धरतो, मग नळी काढायची.

त्या दुपारी अंधेरीत वर्सोव्याची एक कोळीण टेबलावर होती. पन्नाशीची, मासळी विकणारी, अंगाने दणकट. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. ऑपरेशन नीट पार पडलं. मी भुलीचा गॅस बंद केला, उतारा दिला आणि तिच्या कानाशी वाकले.

"मावशी, डोकं उचला."

डोकं हललं नाही. पापण्या थरथरल्या, छाती जेमतेम वर झाली.

सर्जन हातमोजे काढत होते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, हुशार, पण कायम घाईत. "बाई, काढा ना नळी. पुढची केस खोळंबलीय."

"सर, ताकद आली नाहीये अजून."

"एवढी धडधाकट बाई! वाट लागली माझ्या दुपारची."

मी फुगा दाबत राहिले. उताऱ्याचा आणखी थोडा डोस दिला, फरक पडला नाही. नाडी मात्र जोरात पळत होती. मग तिच्या डोळ्याच्या कडेने पाणी ओघळलेलं दिसलं. बाई जागी होती. मी लगेच गॅस पुन्हा सुरू करून तिला झोपवलं.

मग मी सर्जनना विचारलं, "सर, पोट बंद करताना आत काही घातलंत?"

"स्ट्रेप्टोमायसिन. पू होता ना."

ते औषधही स्नायूंची ताकद खेचून घेतं, आणि माझा उतारा त्याच्यापुढे पुरेसा चालत नाही. सर्जनना ते ठाऊक नव्हतं. मलाही फक्त पुस्तकातून ठाऊक होतं. त्यावर तोड म्हणून मी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं आणि स्टुलावर बसून फुगा दाबत राहिले. दीड तास. हाताला मुंग्या आल्या की सिस्टर दाबायची. पुढची केस सर्जननी संध्याकाळवर ढकलली.

शेवटी त्यांची छाती आपणहून नीट भरू लागली, तेव्हा मी गॅस बंद केला. मावशींनी डोकं उचललं आणि मी पाच आकडे मोजेपर्यंत उचलून धरलं. नळी काढली. त्या खोकल्या, आणि ते खोकणं ऐकून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले. त्यांनी माझा आवाज ओळखला.

"तूच ना गो, डोका उचला म्हणत होतीस? मी उचलत होती. उठतच नव्हता. आनि तो दाक्तर बोलला, वाट लागली. मना वाटला, मेली मी."

मी त्यांचा हात धरला. "चूक झाली, मावशी. तुम्ही जाग्या आहात हे मला आधी कळायला हवं होतं."

"मग सांगायचा ना, बाय, की हात सोडनार नाय म्हनून."

मी हे सर्जनना जसंच्या तसं सांगितलं. ते वॉर्डात जाऊन मावशींच्या खाटेजवळ बसले. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. त्यानंतर मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये ते पेशंटसमोर जपून बोलायचे, आणि पोटात औषध घालण्याआधी माझ्याकडे बघून थांबायचे.

मीही बदलले. उतारा दिला की कानाशी सांगायची, "ताकद यायला वेळ लागेल. तोवर श्वास मी देतेय, मी इथेच आहे." पेशंट ऐकतोय की नाही, हे बघत बसायची नाही.