चौथा सड

टीव्हीवरच्या माणसाशी समोरासमोर भांडणारा आणि वर जिंकणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. पेणजवळच्या कासू गावात भावोजींच्या पाच म्हशी. दूध पेणला जातं. दिवाळी आली की बातम्यांत भेसळीच्या दुधाची ओरड सुरू होते. पावडर कालवणारा असतो कुठला तरी गोदामवाला, पण पडद्यावर दाखवतात म्हैस! भावोजी ताडकन उठतात. "अरे मुडद्या, तिनं तुझं काय घोडं मारलंय?" बहीण टीव्हीचा आवाज कमी करते, भावोजी स्वतःचा वाढवतात. एकदा तर त्यांनी पेणच्या दुकानातून, म्हशीच्या दुधाऐवजी प्या म्हणतात ते ओटचं दूध आणलं, विरजण लावलं, तीन दिवस झाकून ठेवलं आणि तो आंबट गिलावा नेऊन दुकानदाराच्या काउंटरवर आदळला. "याचा लोनी काढून दाव, उद्यापासनं तुझ्याकडनंच घेतो!" ज्याला प्यायचंय त्यानं ओट प्यावं, बदाम प्यावा, त्यांची ना नाही. पण त्यासाठी आम्हाला राक्षस कशाला ठरवता, हा त्यांचा सवाल, आणि खरं सांगतो, माझाही.

कारण गेल्या वर्षी एका चॅनेलचे लोक गोठ्यात आले. भावोजींनी त्यांना चहा पाजला, वर खरवस. त्यांच्या घरची जुनी रीत अशी, की आधी रेडकू लुचतं, म्हैस पान्हा सोडते, मग रेडकू बाजूला बांधून कासेच्या चार सडांपैकी तीन पिळायचे. चौथ्याला हात लावायचा नाही, तो रेडकाचा. हे सगळं त्यांनी हौसेनं करून दाखवलं. टीव्हीवर दिसलं ते फक्त रेडकाला ओढून बांधणं, मागे रडकं संगीत! डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

मे महिन्यात ठाण्याहून त्यांची नऊ वर्षांची नात आली. तिनं ते टीव्हीवर पाहिलं होतं. दुधाचा पेला सरकवून म्हणाली, "मी नाही पिणार. आजोबा, तुम्ही बाळाचं दूध चोरता."

मला वाटलं, आता फुटतील. पण छे! संध्याकाळी तिचा हात धरून गोठ्यात नेलं, तीन सड पिळले आणि रेडकू सोडलं. ते ढुशा देत चौथ्याला चिकटलं, तोंडाला फेस. नात हसलीसुद्धा. पण पेला तिनं घेतला नाही.

"नको पिऊस गो, जबरदस्ती नाय," भावोजी हळूच म्हणाले. "पन तुझा आजा चोर नाय हाय, येवढं ध्यानात ठेव."

तिनं मान डोलावली. पण त्या माणसाला स्वतःच्या नातीला हे सांगावं लागलं, त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.