अकरा मिलिमीटरचा ठराव

चिमूरच्या घरी मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या पत्रकांवरून. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची मजुरी वाढवा म्हणणारी ती पत्रकं शाई ओली असताना बाजेवर वाळत पडलेली असायची. त्यामुळे दर वाक्यानंतर उद्गारचिन्ह येतं आणि कुठलाही प्रश्न हात वर करून सुटतो, अशी माझी पक्की समजूत होती. नव्वदचं दशक संपताना मी चंद्रपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचले, तरी ती शाबूत होती.

प्रोजेक्टसाठी आम्ही सहा जणांनी ठरवलं, चालत्या गाडीत व्हॉल्व्हची उचल बदलायची. इंजिनात हवा घेणारा व्हॉल्व्ह दर वेळी ठरल्याइतकाच उघडतो. गाडी फाटकापाशी उभी असो की चढावर धापा टाकत असो, त्याला एकच हुकूम. मला ही उघड हुकूमशाही वाटायची! व्हॉल्व्हला दाबणारा रॉकर म्हणजे मधल्या दांड्यावर डुलणारी छोटी फळी. खाली फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्यामुळे तिचं एक टोक उचललं जातं, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. आम्ही तो मधला दांडाच सरकता करायचं ठरवलं. कॅमच्या टोकाकडे सरकवला की व्हॉल्व्ह जास्त उघडणार, व्हॉल्व्हकडे सरकवला की कमी. पुठ्ठ्याचे रॉकर कापून, टाचणीवर डुलवून आम्ही होस्टेलची भिंत चाळणी केली. दांडा ओढायला सायकलच्या ब्रेकची तार घेतली.

इंजिन मिळालं बसस्टँडमागच्या गॅरेजच्या मिस्त्रीभाऊंचं. म्हणजे त्यांची जुनी टॅक्सीच. तीच त्यांची रोजी, आणि रविवारी नागभीडच्या लग्नाला नवरदेव न्यायचा होता.

"बिघडली तं मी नवरदेवाले खांद्यावर बसवून नेऊ का?" असं म्हणत त्यांनी गाडी दिली. मी गॅरेजच्या पायरीवर उभी राहून अर्धा तास भाषण ठोकलं होतं, त्यातून सुटका म्हणूनही दिली असेल.

मूळची उचल आठ मिलिमीटर. आम्ही ती कमाल किती करायची? गटातले दोघं म्हणाले नऊ, मी म्हणाले अकरा. कंपनीच्या पुस्तकातली मापं घेऊन अकराला जागा आहे, हे मी गणितानं दाखवलं. वर पत्रकही काढलं: 'नऊवर समाधान मानणाऱ्यांनो, इंजिनाला श्वास घेऊ द्या!' ते मेसमध्ये वाटलं. मग मतदान झालं, चार विरुद्ध दोन. ठराव मंजूर! टाळ्या!

लेथवरून सुटे भाग आले. मिस्त्रीभाऊंनी तीन दिवस खपून ते बसवले. गुरुवारी सकाळी मी इंजिन फिरवायचं हँडल उचललं, तर त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"उघडते किती हा वॉल?"

"अकरा. मंजूर झालं ना, भाऊ."

"कोणं मंजूर केलं?"

"आम्ही. चार विरुद्ध दोन."

"पिस्टनले विचारलं का?"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत, इंजिनाच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाले, "हे हेड दोनदा घासून आणलं हाये मी. पातळ झालं ते. वॉल आता पिस्टनच्या जवळ आला. तुमच्या पुस्तकात हाये का लिहून?"

पुस्तकात कसं असेल? ते फक्त त्यांना ठाऊक होतं. गाडी त्यांची, राबणारे हात त्यांचे. आणि त्यांना मतदानाला बोलवावं हे पत्रकांवर वाढलेल्या माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"भाऊ, फेरमतदान घेऊ. तुमचंही मत..."

"मत राहू दे, पोरी. कणीक आण."

मी शेजारच्या खानावळीत धावले. तिथल्या बाई पोळ्या लाटत होत्या; कणीक इंजिनासाठी हवी म्हटल्यावर म्हणाल्या, "काऊन वो, गाडीले पोळ्या चारून राह्यले का?"

"पिस्टनले भूक लागली, बाई!"

भाऊंनी हेड उतरवून पिस्टनच्या डोक्यावर कणकेचा थर थापला, वर तेलाचं बोट फिरवलं, हेड परत आवळलं, मला तार पूर्ण ओढून धरायला लावली आणि हँडल सावकाश दोनदा फिरवलं. हेड पुन्हा उतरवलं तेव्हा कणकेत व्हॉल्व्हचा गोल ठसा होता. त्यांनी तो ब्लेडनं कापला. "पोळीएवढी जाडी राह्यली पाह्यजे. इथी तं पापडही नाई."

ठशाच्या तळाशी कणीक इतकी पातळ, की खालचा पिस्टन चकाकत होता. हातानं फिरवताना जे केसाच्या अंतरानं निसटलं, ते पळत्या इंजिनात आपटलं असतं. व्हॉल्व्ह वाकला असता, भाऊंची रोजीही गेली असती.

दांडा कुठवर सरकेल ते ठरवणारा अडणीचा स्क्रू मी स्वतः आवळून दांडा मागे घेतला. साडेदहा. हेड चढवा, फिरवा, उतरवा. पापड. दहा. जाड पापड. खानावळीतल्या बाई आता न मागता गोळा पाठवू लागल्या, सोबत निरोप, "जेवला का तो?" नऊवर पोळी निघाली! नऊवाले दोघं बाकावर चढून ओरडले, "अल्पमताचा विजय असो!" सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले.

शुक्रवारी इंजिन सुरू झालं. तार सैल असताना ते इतकं शांत घुमत होतं, की भाऊंनी दोनदा वाकून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना. मग म्हणाले, "बसा."

आम्ही सहा आणि ते, असे सात जण त्या गाडीत कोंबले गेलो. तार माझ्या हातात. भरलेल्या गाडीला रेल्वेपुलाचा चढ एरवी दुसऱ्या गिअरातही जड जायचा. त्या दिवशी भाऊंनी तिसरा ठेवला.

"ओढ!"

मी ओढली. इंजिनाचा घसा मोकळा झाला. गाडी गेली ना वर! बाजूनं चाललेला सायकलवाला आमचा आरडाओरडा ऐकून उतरूनच उभा राहिला. त्यात आमच्या दांड्याचा वाटा किती आणि भाऊंनी नव्यानं जुळवलेल्या टॅपेटचा, म्हणजे रॉकर-व्हॉल्व्हमधल्या फटीचा किती, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पूल उतरलो, वळून पुन्हा चढलो. मग पुन्हा.

"भाऊ, परत फिरायचं का? रविवारी तुमचं लग्नाचं..."

"रविवार परवा हाये," भाऊ म्हणाले. "ओढ!"