सुयांवरचं मेण

दादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाडीत विड्याची पानं खुडत होतो. फोन ठेवला आणि खुडतच राहिलो... टोपली भरल्यावर निघालो. लोकांना तो धीर वाटला. खरं तर मला वहिनींना तोंड दाखवायची भीती होती. त्याला आता महिना होईल.

माझा हा थोरला भाऊ कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. नव्वदनंतर ओझोनच्या थराला भोक पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि दादाच्या डोक्यात पीएच.डी.चं खूळ शिरलं. पाईनच्या सुईसारख्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे झाडातलं पाणी टिकतं. अतिनील किरणांनी तो थर झिजतो, असा त्याचा कयास. गोखिवऱ्याला एक खोली घेऊन त्यानं पहाडातून आणलेली रोपं मांडली. निम्मी पडद्याआड अतिनील दिव्यांखाली, निम्मी साध्या उजेडात. आपल्या दमट हवेत ती जगवायला त्यानं जिवाचं रान केलं. "पोरांसारखी सांभाळतोय," तो आईला म्हणायचा. "मग पोरांना कोण सांभाळतंय?" आई विचारायची.

एकदा तो आठवडाभर परगावी गेला आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. डोळ्यांना अपाय होईल म्हणून पडद्यापलीकडे जायची मला मनाई होती, तिकडे तो नळीनं पाणी सोडायची सोय करून गेला होता. अलीकडच्या रोपांवर मला पांढुरकी धूळ दिसली. वालीवच्या कारखान्यांची असेल, असं वाटलं. आम्ही पानवाले. ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय आमच्या घरातून पान बाजारात जात नाही. तीन दुपारी बसून मी एकेक सुई पुसून काढली. रोपं हिरवीगार दिसायला लागली आणि मला फार समाधान वाटलं.

दादानं आल्यावर मोजमाप केलं. दिव्याखालच्या रोपांचं मेण गेलेलं, आणि दिव्याबाहेरच्यांचंही. त्यानं पाणी, हवा, दिवे, सगळं तपासलं. माझ्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. "दिव्याचा काही संबंधच नाही रे," तो म्हणाला. "माझंच चुकलं." मी पुसलेली ती धूळ नव्हती, मेणच होतं, हे मला तेव्हाच कळलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणेपर्यंत त्यानं रोपं वाटून टाकली. पुढे शिकवत राहिला, चिडका होत गेला. संशोधन आपल्या कुवतीबाहेरचं, असं स्वतःच्या मुलांसमोर म्हणायचा... आणि मी ऐकून घ्यायचो.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मी सांगून टाकलं. त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"दिव्याखालच्या पुसल्या नाहीस ना?"

"नाही दादा. तिकडे गेलोच नव्हतो."

"म्हणजे माझं बरोबर असेल." मग म्हणाला, "पुन्हा करून बघायला हवं होतं."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पहिल्याच संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं, तर त्याचं एक वर्ष गेलं असतं, दुसऱ्या वर्षी त्यानं नवी रोपं आणली असती. मी गप्प बसलो, आणि माझा हुशार भाऊ स्वतःला नालायक समजत म्हातारा झाला.