राजूरच्या कबुतरांचं रक्त

राजूरला लोक गणपतीला जातात, आम्ही गेलो कबुतरांचं रक्त काढायला! मामाचा फोन आल्ता. "पाखरं सुकून राह्यलीत गं. सूनबाई म्हणते, घरात तान्हं लेकरू, रोगट पाखरं नकोत. उद्या व्यापारी घेऊन जाणारंय." चाळीस वर्षं कबुतरं पाळलेला माणूस फोनवर चक्क रडत होता. माझा भाऊ प्रशांत जनावरांचा डॉक्टर. सकाळीच निघालो.

जालन्याहून राजूरला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, आहेर लई भारी दिसून राह्यलाय!" म्हटलं, "कबुतरांसाठी आहे." बिचारा तिकीट फाडून पुढं सरकला. स्टँडवरची गरम भजी सोडू नका, वीस रुपयांत पोट भरतं. आणि चतुर्थीला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

मामाच्या गच्चीवर बारा कबुतरं पिसं फुगवून बसलेली. प्रशांतनं एकाच्या पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंग चढवला. मी डोळा लावला. अगं बाई! लाल पेशींमध्ये केळ्यासारखे वाकडे डाग.

"हा परजीवी," प्रशांत म्हणाला. "कबुतरांच्या पिसांत चपटी माशी असते, ती चावली की रक्तात शिरतो."

सूनबाई मनीषानं विचारलं, "लेकराला हा रोग न्हाई ना होत?"

"हा नाही होत. पण खुराडं साफ ठेवा, लेकराला विष्ठेच्या धुळीपासून लांबच ठेवा."

मग त्यानं घरट्यातल्या काड्या उचलल्या, तसा मामा ओरडला, "हात नको लावू! घरटं हलवलं की जोडी मोडते. बापाच्या काळापासून एक काडी हलवली न्हाई!"

काड्यांखाली मोहरीहून जरा मोठे काळे कोश पडलेले. माशी तिथंच वाढत होती.

मामानं एक कोश उचलून तळहातावर घेतला. "म्हंजे रोग मीच पोसला?"

मला इतकं वाईट वाटलं! शेवटी मनीषानंच पदर खोचला. "मामंजी, आधी व्यापाऱ्याला नको म्हणून सांगा. मंग झाडू द्या इकडं." दुपारभर आम्ही काड्या जाळल्या, खुराड्याला चुना फासला, पाखरांवर औषधाची पूड टाकली. नंतरची ठेचा-भाकरी काय लागली म्हणून सांगू!

घरी आल्यावर माझ्या केसांतून एक चपटी माशी निघाली. मी किंचाळले, प्रशांत पोट धरून हसला.

महिन्याभरानं मामाचा फोन आला. दोन गेली, दहा उडतात. गेलेल्यांत त्याचं सगळ्यात लाडकं पाखरू होतं.

"आता दर आठवड्याला घरटं झाडतो, पोरी," मामा म्हणाला. "जोडी मोडंल अशी भीती वाटते अजून. पण झाडतो."