कोलांटीबाईंचा उजवा हात

आमच्या शाळेत माझा वर्ग आणि व्यायामाचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ कुणी बांधली याचा शोध मी बावीस वर्षं घेते आहे. मी गणित शिकवते. इकडे फळ्यावर भागाकार रंगात आलेला असतो आणि पलीकडून येतं, धप्! पुन्हा धप्! मग पोरांचं खिदळणं. माझ्या वर्गातली मुलं त्या भिंतीकडे अशी बघायची, की जणू मी त्यांना डांबून ठेवलंय.

हा धपधपाट करवणारी बाई म्हणजे कोलांटीबाई. नाव मुलांनी ठेवलेलं, पण ते इतकं चिकटलं की नवीन आलेला कारकून हजेरीपुस्तकात तेच शोधत बसला होता. बाई ठेंगणी, रुंद, केस कानापर्यंत कापलेले. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्या वाजवायच्या नाहीत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "शिट्टी ऐकली की मूल थबकतं. आणि अर्ध्या कोलांटीत थबकलेलं मूल मानेवर येतं."

त्यांचे वडील गाद्या भरायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत नवी गादी शिवून झाली की या पोरीला तिच्यावर सोडायचे. तिनं इकडून तिकडे लोळायचं आणि कापसाची गाठ कुठे राहिली ते पाठीनं ओळखून सांगायचं. म्हणजे आम्ही पाढे पाठ करत होतो त्या वयात या बाई कोलांट्यांवर घराला हातभार लावत होत्या. हॉलमधल्या निळ्या गाद्याही त्यांनीच भरल्या होत्या, जाड कापडाच्या, दाभणानं टाके घातलेल्या. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "मी दिवसभर बारीक बघतो आणि ही उलटं बघते. संसार छान चाललाय."

दुसरीची मुलं त्यांच्या खास लाडकी. दरवर्षी पालकांसमोर ही सगळी मुलं एकामागून एक कोलांटी मारायची आणि टाळ्यांनी हॉल दणाणायचा. बाई गादीशेजारी गुडघ्यावर बसलेल्या असायच्या. उजवा हात मुलाच्या मानेमागे, डावा मांडीखाली, हलकासा रेटा, की पोर पलीकडे. एकही मूल कधी अडकलं नाही. मला वाटायचं, यात कसली मेहनत? पण मी कौतुकाला जरा कंजूषच आहे.

मग एका रविवारी, हजारो कोलांट्या बघितलेली ही बाई घरी कपडे वाळत घालताना स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, प्लास्टर निघेल, पण या हातावर पुन्हा कुणाचं वजन घेऊ नका, मुलाचंसुद्धा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. मीही तिथेच होते, कारण त्यातली अर्धी शिक्षा माझ्यासाठी होती. "आधार द्यायला हात नाही, तर लहान मुलांच्या कोलांट्या बंद. गाद्या माळ्यावर जातील. तुम्ही वाचनालय सांभाळा," मोठ्या बाई म्हणाल्या.

कोलांटीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मुलांना येतं हो सगळं. माझा हात नुसता असतो."

"मग हाताशिवाय दाखवा. पाच आठवड्यांनी शुक्रवारी मी येते. एकाही मुलाला हात लागता कामा नये. तोवर या गणिताच्या बाई तुमच्यासोबत थांबतील. एक तरी धडधाकट माणूस हवं."

आली का पंचाईत! सोमवारी मी साडीचा पदर खोचून हॉलमध्ये उभी राहिले. बाई खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. मनात म्हटलं, आता या उंटावरून शेळ्या हाकणार. त्या म्हणाल्या, "चला, तळहात गादीवर, हनुवटी छातीला, बूड वर!" सात गाद्यांवर सात मुलं ओणवी झाली. सात बुडं वर गेली आणि तिथेच राहिली.

"मारा की," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. पायांच्या फटीतून एक लालबुंद तोंड मला म्हणालं, "बाई, उचला ना."

दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. एकतीस मुलांपैकी एकालाही कोलांटी येत नव्हती. दोघं बाजूला कलंडली, एक रडलं. एक जण डोक्यावर उभा राहिल्यासारखा थांबून म्हणाला, "आता तुमचा हात येतो." मी हसले. मग बाईंकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

तास संपल्यावर त्या गाद्यांच्या ढिगावर बसून राहिल्या. "म्हणजे चोवीस वर्षं मीच मारत होते कोलांट्या," त्या म्हणाल्या. "मुलं नाहीच."

मग त्यांनी मला पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. एक मुलगी खांद्यावर पडली होती आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांत ते जुळलं, मुलगी उड्या मारत परत आली. बाई मात्र कायमच्या धास्तावल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तेव्हापासून हात होता. हातानं काम भागायचं, म्हणून त्याआधीचे खेळ हळूहळू आटले. हाताला जोर आणणारे, पाठ गोल करायला शिकवणारे ते खेळ पाच मिनिटांवर आले, कारण पालकांना टाळ्या वाजवायला कोलांटी लागते, बेडूकउड्या नाही.

मी समजूत काढायला गेले नाही, मला ते जमत नाही. मी म्हटलं, "पाच आठवडे आहेत. बेरजा येत नसतील तर भागाकार शिकवतात का? बेरजेपासून धरा."

त्यांनी नाक पुसलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जंगल भरलं. गुडघे न टेकता चार पायांवर चालणारी अस्वलं. पोट आभाळाकडे करून उलटे पळणारे खेकडे. आधी हात, मग पाय टाकणारे ससे. पाय फरफटत नेणाऱ्या मगरी. एकानं दुसऱ्याचे पाय धरून चालवायच्या ढकलगाड्या, ज्यांचे अपघात फार व्हायचे. मुलांना वाटत होतं मजा चाललीय, आणि बाई मला हळूच दाखवायच्या, "कोपर बघा, आता वाकत नाही."

मग आलं अंडं. गुडघे पोटाशी घट्ट धरायचे, हनुवटीखाली रुमाल दाबायचा आणि पाठीवर मागे-पुढे डुलायचं. रुमाल पडला की अंडं फुटलं. पहिल्या दिवशी एकतीसच्या एकतीस अंडी फुटली. दुसऱ्या आठवड्यात पोरं रुमाल हनुवटीखाली धरून माझ्या तासाला येऊ लागली. मी चिडले, पण काढा म्हटलं नाही.

उताराची कल्पना माझी, ती मी कुणाला घेऊ देणार नाही. गादीच्या एका टोकाखाली बाक घातला की मूल अर्धं आपोआप घरंगळतं. पुढच्या आठवड्यात बाकाऐवजी फळी. मग दोन घोंगड्या, मग एक. मग काहीच नाही. मी स्वतः बाक ओढला आणि कंबर धरून बसले. कोलांटीबाई म्हणाल्या, "हाताला हात लागला म्हणतात तो असा." मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मुलांपेक्षा बाईंना शिकवणं जड गेलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, पण डावा मोकळा! मूल ओणवं झालं की तो डावा हात आपला आपण निघायचा. मी ओरडायचे, "हात खिशात!" त्या दचकून हात खिशात घालायच्या आणि मुलं खो खो हसायची. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीस मुलांना कोलांटी येऊ लागली होती.

राहिली एक. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, मुलं तिला शेंगदाणा म्हणायची. ती अस्वल उत्तम व्हायची, अंडंही फोडायची नाही, पण सपाट गादीवर डोकं खाली गेलं की थांबायची. रडायची नाही, बोलायची नाही, नुसती थांबायची. मग उठून मुकाट्यानं रांगेत मागे जायची. मी सुचवलं, शुक्रवारी तिला रुमाल धरायला बसवू. बाई एकदम तापल्या. "वगळून दाखवायचं असेल तर गाद्या आजच माळ्यावर टाका."

शुक्रवार आला. मोठ्या बाई खुर्चीत वही घेऊन बसल्या. मुलं सुटली. काही सरळ गेली, काही तिरकी, एकाची चप्पल उडाली. बाईंचा डावा हात खिशात होता, मुठीसकट. तीस झाली.

शेंगदाणा गादीपाशी आली. तळहात टेकले, हनुवटी छातीला नेली, बूड वर केलं. आणि थांबली.

मोठ्या बाईंनी वहीवरून मान वर केली. मी मनात आकडे मोजत होते, आठ, नऊ, दहा. आणि मला दिसलं, कोलांटीबाई गुडघ्यावर आल्या होत्या. डावा हात खिशातून निघाला होता आणि मुलीच्या मांडीकडे सरकत होता. त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ओरडले असते तर मोठ्या बाईंनी आधी तो हातच पाहिला असता.

तेवढ्यात पायांच्या फटीतून तो उलटा चेहरा म्हणाला, "बाई, हात काढा. मी मारतेय ना."

बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. शेंगदाणा आणखी दोन क्षण तशीच राहिली, तिला घाई नव्हती. मग गेली. वाकडीतिकडी, एका खांद्यावरून, गादी सोडून निम्मी फरशीवर. उठली. सदरा पोटावर आलेला, केस डोळ्यांवर, दोन्ही हात वर.

मोठ्या बाई म्हणाल्या, "वाकडी गेली की ही."

"हो, वाकडी गेली," कोलांटीबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या, अगदी उघड, मुलांसमोर. "पण तिची तिनं मारली. मला हात काढा म्हणणारी चोवीस वर्षांत ही पहिलीच."

मोठ्या बाईंनी वही मिटली आणि त्या म्हणाल्या, "गाद्या राहू देत. तुम्हीही राहा."

आमचा जीव भांड्यात पडला. शेंगदाण्याचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती कुणाला न विचारता पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली होती.